बाटली अजून उभीच

३ सप्टेंबर
एक्साइजवाले दारूबंदीच्या अर्जावरच्या सह्या तपासायला आले. ग्रा.पं.समोर बायांची रांग पार रस्त्यापर्यंत. निंदण सोडून आल्या सगळ्या. सरपंच झाल्याचं आज सार्थक वाटलं. आता बायांच्या मतदानाची तारीख लागेल. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्के जास्त पडले की गावातली देशी दारूची परवान्यावाली भट्टी बंद.
जाऊ सुनंदा कुहीहून बसने आली, सही करून संध्याकाळच्या गाडीने परत माहेरी. घरात पाऊल ठेवलं नाही. "ताई, बाटली आडवी झाली त मी येतो. नाही त माही वाट पाहू नका." तिचा नवरा, माझा दीर गजानन, त्या वेळी भट्टीवरच. सख्ख्या बहिणीने लावला नसता एवढा जीव लावला या पोरीने. ती नाही तर घर खायला उठतं.

१९ सप्टें.
गावात फटाके! नगरपंचायत मंजूर. आता आम्ही शहर. हे पेढे घेऊन आले. "शहरवाली झाली वं तू!" म्हटलं, म्हशीला सांगा, तिला गोठ्यात कळलं नसेल.
मनातून खूष. मीच मांडलेला ठराव, गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला. भट्टीचाही त्याच ग्रामसभेत. दोन्हींना हात वर केला. मिहान प्रकल्पामुळे चहूकडे प्लॉटांचे लेआऊट पडले, नाल्या नाहीत, नळ नाहीत. शहर झालं की होईल असं वाटलं. अजून वाटतं. बहुतेक.

२३ सप्टें.
ग्रामसेवक खाली मान घालून आले. न.पं. झाली म्हणजे ग्रा.पं. संपली, म्हणजे सरपंचही.
"म्हणजे मी?"
"म्हणजे तुम्ही... माजी."
पेढे खाताना हे कोणी बोललं नव्हतं. आता तहसीलदार प्रशासक. खुर्चीचं दुःख नाही. थोडं आहे. मतदानाचं विचारलं तर वरून विचारावं लागेल म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नाही.

६ ऑक्टो.
नागपूरला एक्साइज ऑफिसात गेले. साहेब भले निघाले, चहा पाजला, त्यामुळे भांडताही येईना. म्हणाले, सह्या गावाच्या होत्या, ते गाव आता कागदावर नाही. शहरात प्रभागाप्रमाणे होतं. ज्या प्रभागात भट्टी, त्या प्रभागातल्या बायांनी नव्याने सह्या करायच्या.
प्रभाग कुठे आहेत? पडायचे आहेत अजून.
म्हटलं, साहेब, गाव नाही, प्रभाग नाही, मग भट्टी कशात आहे?
"लायसन्स चालू आहे ना, बाई."
बसमध्ये रडू आलं. बाया त्याच, घरं तीच, अंगठे तेच. मग बदललं काय?

७ ऑक्टो.
सु.चा फोन. सांगितलं, आपलं शहर झालं म्हणून थांबलं.
"शहरात बाया नाही राहत का?"
राहतात म्हटलं.
"काहून ताई, तुम्हीच त शहर मागतलं होतं ना?"
टोमणा नव्हता. खरंच विचारून राहिली होती. जेवण गेलं नाही.

१६ ऑक्टो.
रोजगार हमीचं काम बंद, कारण शहर. बाया माझ्याच दारात. नाल्या कधी, विचारलं तर निधी यायचा आहे. तेल गेलं, तूप गेलं. प्रशासक साहेब गुरुवारी येतात, म्हणजे यायला हवेत.

५ नोव्हें.
प्रभागांचा नकाशा लागला. बोट ठेवून ठेवून आपलं घर शोधलं. चार नंबर. रस्त्यापलीकडे पाच. भट्टी पाचात! माझ्या ओट्यावरून तिचा बोर्ड वाचता येतो, पण तिला आडवी करायला माझं मत नाही. सह्या केलेल्या बहुतेक बाया माझ्याच बाजूच्या. पाचात काय, भट्टी आणि तिच्यामागचे नवे फ्लॅट. तिथलं कुत्रंही ओळखत नाही मला.
हरकत दिली. क्लार्क म्हणाला, "रस्ता हीच हद्द असते, मॅडम." आधी सरपंचताई म्हणायचा.

८ नोव्हें.
गजानन आज शुद्धीत. अंगणात उभा राहून म्हणतो, "वहिनी, भट्टी कधी बंद करून राहिल्या? उघडी दिसली का पाय तिकडेच वळते माहे."
एवढी चीड आली! म्हटलं, भाऊजी, पाय तुमचे की प्रभागाचे? मग म्हणाला, "सुनंदाचा फोन येते का?" येतो म्हटलं. आणखी काही विचारलं नाही त्याने. चीड गेली, पण तिच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही.

११ नोव्हें.
फ्लॅटात गेले, एकटीच. पहिलं दार निळ्या गाऊनवालीने उघडलं.
"कोण तुम्ही?"
सरपंच म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. गावची म्हणावं तर गाव कुठे आहे? "मी समोरची," म्हटलं.
भट्टीचं सांगितलं. "आमच्याकडे कोणी पीत नाही," आणि दार बंद. पुढच्या दारांवरही तसंच. एकीने तर विचारलं, कोणत्या पार्टीकडून? पायऱ्या उतरताना वाटलं, आपण कोण लागतो यांचे? आणि हे आपले कोण?

१२ नोव्हें.
दिवेलागणीला गाऊनवाली आली, डबा घेऊन. "दूध मिळेल का?" म्हैस कुठून कळली कोण जाणे. अर्धा लिटर घातलं. जाईना. डब्याचं झाकण लावते, काढते, लावते.
मग हळूच, "ते वोटिंग कधी आहे?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. आधी प्रभाग पक्के होतील, मग सह्या, मग तपासणी, मग... माझंच मला कळेना, तिला काय समजावणार. ती रस्त्यापलीकडे बघत होती. भट्टीचे दिवे लागले होते, गजाननची सायकल बाहेरच उभी. तिने बोटाने नाही, नुसत्या नजरेने दाखवलं, शेजारची मोटरसायकल. "ती आमची," म्हणाली.
दूध मिळालं होतं, तरी गेली नाही. ओट्यावर बसली, सु. बसायची तिथेच. मी आत जाऊन चहा ठेवला.