घोड्याच्या घरातलं प्यादं

सॉल्ट लेक, कोलकाता
१५ डिसेंबर २०२५

ती. विनायकदादास,

रजनीचा नमस्कार. आम्ही ठीक. यांच्या खोकल्याला उतार आहे. वहिनीने गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्या हेमंतच्या लग्नापासून आपलं बोलणं नाही. तुला कळवायचं नव्हतं, पण कळवते. इथल्या महिलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी उतरले आणि काल पहिली आले. जिला तू भर मांडवात, "पट सोड आता, जपमाळ धर" म्हणालास, तीच मी. सगळे हसले होते.

शेवटचा डाव पौलमीशी होता. बारावीतली मुलगी, हुशार. मला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणाली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि मग जराही दया न दाखवता खेळली. तिला बरोबरी पुरत होती. मला जिंकायलाच हवं होतं. तिचे दोन्ही हत्ती माझ्या राजापाशी येऊन भिडले होते. तेवढ्यात माझं एक प्यादं शेवटच्या घरात पोचलं. तिनेच अदबीने बाजूचा जादा वजीर माझ्याकडे सरकवला.

मी घोडा उचलून ठेवला.

शह, आणि मात. तिने हात पुढे केला. "माशीमा, हे मला दिसलंच नव्हतं."

चिन्मय ऑफिसात सांगत सुटलाय, आईने केवढा खोल विचार केला. मी त्याला अडवलेलं नाही.

तुला मात्र खरं सांगते. स्पर्धेत प्याद्याचं हवं ते मोहरं करता येतं, आणि सगळे वजीरच करतात. मलाही तोच करायचा होता. पण प्यादं घोड्याच्या घरात होतं, आणि लहानपणी तुझा नियम असा की ज्याच्या घरात पोचेल तेच व्हायचं. मी वजीर मागितला की तू पट उधळायचास. काल माझा हात तुझ्या नियमाने गेला. ठेवल्यावर लक्षात आलं, पण खेळी मागे घेता येत नाही. मग नीट पाहिलं. तिच्या काळ्या राजाला हलायला जागाच नव्हती. वजीर केला असता, तर पुढच्या खेळीत मीच संपले असते.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

पण प्यादं तिथवर मी नेलं, दादा. ते तुझ्या नियमाने गेलं नाही.

मार्चमध्ये पुण्याला येते आहे. आधी मांडवातले शब्द परत घे, वहिनीसमोर, हेमंतसमोर. मग खेळायला बसू. घरचे नियम चालतील.

जिंकलेली,
तुझी रजनी