तिकिटावर नसलेलं आडनाव

शिकागो, रविवार

आई, तुझा आशीर्वाद असू दे.

मारियामातेच्या कृपेने सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेलं चीजही पोचलं.

निघताना विमानतळावर थोडा अडलो. तिकीट अमेरिकन पासपोर्टातल्या नावाने होतं, रोसेंदो ओल्वेरा. मी दाखवला आपला मेक्सिकोचा. त्यात रीतीप्रमाणे तुझं किंताना आडनावही आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तिकिटावर आई नाही. कुठे सोडून आलात तिला?" मागचे हसले. दुसरा पासपोर्ट पाहून तिने सोडलं.

मला मात्र हसू आलं नाही. इथला नागरिक होताना नाव लांब नको म्हणून तुझं आडनाव मीच गाळलं होतं.

आज प्रार्थनेहून आल्यावर नावबदलाचा अर्ज भरला. गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझा,
रोसेंदो ओल्वेरा किंताना