बेचाळीस रेकॉर्डींची आंघोळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नसल्याने आठांपैकी सात अंगांचाच धरावा. उरलेलं अंग बरं झालं की वेगळं पाठवीन.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा मोतीबिंदू काढून झाला हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिसऱ्याकडून कळावं अशी वेळ आपण दोघांनी मिळून आणली, त्यामुळे एकट्या कुणाला दोष देता येत नाही. आम्ही इकडे ठीक. बायको दिवसभर शाळेत गणित शिकवते आणि घरी आल्यावर मला शिकवते, दोन्हीकडे निकाल सारखाच लागतो. पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे बाबांच्या रेकॉर्डी.

तुझ्या लक्षात असेलच. दोन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यानंतर, त्यांच्या कपाटासमोर उभी राहून तू म्हणालीस की या धाकट्याकडे राहिल्या तर नुसत्या धूळ खात पडतील. त्यावर मी म्हणालो की बाबा आजारी होते तेव्हा तुला त्यांची आठवण झाली नाही, आता रेकॉर्डींची बरी झाली. तू पर्स उचललीस, अर्धा चहा तसाच टाकलास आणि गेलीस. त्यानंतर तुझं म्हणणं खोटं ठरवायला मी दोन वर्षं काहीही केलं नाही, त्यामुळे ते आपोआप खरं ठरलं. गेल्या महिन्यात कपाट उघडलं तर पाकिटांवर इतकी धूळ की बोटाने पत्ता लिहिता यावा. एक रेकॉर्ड लावून पाहिली. गाण्यामागे कुणीतरी कढईत मिरच्या तळत होतं, आणि तिसऱ्या कडव्याला सुईखाली कापसाएवढा गोळा जमून गाणाऱ्या बाईचा घसाच बसला. औषधांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं रिकाम्या बाटल्या उजेडासमोर धरून तपासल्या. केसाएवढा कण दिसला तरी बाटली बाजूला काढायची, आणि पेटी भरली की तिच्यावर माझा शिक्का मारायचा: ‘तपासले. दोष नाही.’ अशा माणसाच्या घरात ही अवस्था म्हणजे दिव्याखाली अंधार. मला लाज वाटली.

पहिल्या दिवशी बाबांप्रमाणेच शर्टाच्या बाहीने पुसून पाहिलं. त्याने वरची धूळ खाचांत नीट बसते आणि बाही खराब होते, एवढंच निष्पन्न झालं. मग कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. (त्याला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे सल्ला तो फार मोठ्याने देतो. रस्त्यावरच्या चारपाच लोकांनाही तो मिळाला.) त्याचं म्हणणं, पुसायची नाही, धुवायची. नळाचं पाणी नको, त्यातला क्षार खाचांत वाळतो. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणायचं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. सगळ्यात मऊ ब्रश बाळाच्या दातांचा, असंही तो म्हणाला. साठी उलटलेल्या माणसाने तो ब्रश मागितल्यावर दुकानदाराने नातवाबद्दल अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं, कारण रेकॉर्डींचं समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. आता रोज तो बाळाची चौकशी करतो आणि मी रोज ‘दात येताहेत’ म्हणून सांगतो.

एका हट्टी रेकॉर्डीवर मी सुतारांचा पांढरा गोंद ओतूनही पाहिला. (हा उपाय रेडिओवाल्याचाच, पण हा त्याने हळू आवाजात सांगितला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) गोंद सगळीकडे सारखा पसरायचा, दिवसभर वाळू द्यायचा आणि दुधावरची साय काढावी तसा अखंड सोलून काढायचा. सोबत सगळा मळ निघून येतो. खोटं कशाला बोलू, आला. शिवाय त्या सालीवर सगळ्या खाचा उमटलेल्या होत्या, त्यामुळे ती वाजते का हे पाहण्याचा मोह मला आवरला नाही. ती वाजत नाही. सुई साफ करायला अर्धा दिवस गेला. बायको शाळेतून आली तेव्हा मी रेकॉर्डप्लेअरवर पालथा पडलो होतो आणि ताटाळ्यात ताटांऐवजी रेकॉर्डी निथळत होत्या. तिने काहीही विचारलं नाही. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली की माणसं प्रश्न जपून वापरतात.

आता मुख्य दुर्घटना सांगतो. एकेक धुण्यात फार वेळ जातो म्हणून मी टबात पाणी भरलं आणि रेकॉर्डी आत सोडल्या. मधल्या गोल कागदाचा विचार केला नाही. थोड्या वेळाने पाहतो तर कागद सुटून पाण्यावर तरंगताहेत आणि शाईची नावं विरघळून पाणी निळसर झालंय. ताई, आज माझ्याकडे बेचाळीस स्वच्छ, काळ्या, निनावी रेकॉर्डी आहेत. कुठली कोणाची, कुठल्या बाजूला काय, काही सांगता येत नाही. पाकिटं आहेत, पण कुठलं पाकीट कोणाचं हेही आता देव जाणे.

आवाज मात्र असा लागला आहे की काय सांगू. ओळ सुरू करण्याआधी गाणारी बाई श्वास घेते, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मी तो श्वास तीनदा ऐकला. आणि मग मला बाबांचा खेळ आठवला. ते मधल्या कागदावर तळहात ठेवायचे, सुई टेकवायचे, आणि गाणं सुरू होण्याआधी नुसत्या खरखरीवरून तू गाण्याचं नाव सांगायचीस. मला एकदाही जमलं नाही. मी गाणं सुरू झाल्यावरसुद्धा चुकायचो. बाबा हसायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे, पण कौतुक तुझं व्हायचं. ती खरखर मी साबणाने धुऊन मोरीत सोडून दिली, हे त्या क्षणी लक्षात आलं. वाईट वाटलं. आधी हा विचार सुचला असता तर बरं झालं असतं, पण माझे विचार नेहमी रेकॉर्ड संपल्यावर येतात.

तेव्हा आता एकच मार्ग उरतो. त्या रेकॉर्डी ओळखू शकेल असं माणूस जगात एकच आहे, आणि खरखर नसल्यामुळे तिलाही प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण ऐकावी लागेल. रेकॉर्डी बेचाळीस, बाजू दोन, बाजूला वीस मिनिटं, एकूण अठ्ठावीस तास. संध्याकाळच्या चहानंतर रोज दोन तास धरले तर चौदा दिवस होतात. हे तांत्रिक काम आहे, यात भावनेचा काही संबंध नाही. भाऊजींना आणलंस तर आणखी बरं, त्यांना डोळ्यांनी काहीच करायचं नाही.

भाऊजींना नमस्कार. पाठीला शेक देत जा.

तुझा धाकटा

ता. क. काम झाल्यावर अर्ध्या रेकॉर्डी घेऊन जाव्यात. निवड तुझी.

ता. क. दुसरा. त्या दिवशी मी बाबांच्या आजारपणाबद्दल जे बोललो, ते वाक्य न तपासता बाहेर गेलं. दोष होता. तू तेव्हा दर आठवड्याला यायचीस हे मला ठाऊक होतं, कारण दार मीच उघडायचो.

ता. क. (हा माझा, म्हणजे तुमच्या भावजयीचा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते आहे.) ताई, कागद फक्त एका रेकॉर्डीचा निघाला. त्यानंतर ह्यांनी बरणीच्या झाकणांना रबर लावून बाकीचे सगळे कागद झाकून धुतले. एक्केचाळीस नावं जागेवर आहेत आणि पाकिटांवर पेन्सिलीने क्रमांकही आहेत. ज्या रेकॉर्डीचं नाव गेलं तिचं गाणं हे आंघोळ करताना रोज म्हणतात. आणखी एक. तुम्ही सगळ्यात आधी ओळखायचात ती रेकॉर्ड ह्यांनी धुतलेलीच नाही. तिच्या पाकिटावर चिठ्ठी लावली आहे, ‘ताईसाठी. खरखर आहे तशी ठेवावी.’ गेल्या आठवड्यापासून तुमची खोली झाडून ठेवली आहे आणि मला विचारतात, पत्रात अजून कुठली अडचण घालू. चौदा दिवसांचा हिशेब मात्र बरोबर आहे, मी पुन्हा करून पाहिला. या.

ता. क. शेवटचा. पाकीट पुन्हा उघडलं. वरचा मजकूर माझ्या परवानगीशिवाय लिहिलेला आहे. उजेडासमोर धरून दोनदा वाचला.

तपासले. दोष नाही.