आवाज सायलेन्सरचाच आहे

३ मे, रविवार
इंजिन बांधून पूर्ण! स्वतः, एकट्याने, गॅरेजची पायरी न चढता. पहिल्याच स्टार्टरला सुरू. (चौथ्या. आधीचे तीन मी मोजत नाही.) वर्षभर झाकून पडलेली बाबांची गाडी. सतराला तिच्यातूनच बाबांना आत्याकडे न्यायचंय. दुसऱ्या दिवशी आत्या मुलाकडे परदेशी चालली, कायमची. मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान आणि सर्वज्ञ, म्हणाले, माझी गाडी न्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गरज नाही.

बारीक टकटक येते. नवं काम आहे, थोडं बोलणारच.

५ मे
टकटक आहेच. निदान झालं: एक्झॉस्ट लीक. सायलेन्सरच्या पाइपच्या जोडातून धूर निसटतो, तो आवाज. इंजिनचा प्रश्नच येत नाही, इंजिन मी बांधलंय.

७ मे
सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडा येईल तिथे लीक. एकही बुडबुडा नाही. साबण हलका निघाला. बायको विचारत होती, भांड्यांचा साबण कुठे गेला.

९ मे, सकाळ
जोडाचं गॅस्केट बदललं. शांतता! जिंकलो! मग इंजिन तापलं आणि टकटकीची ठकठक झाली. पुस्तक म्हणतं, लीकचा आवाज गाडी तापल्यावर कमी होतो, धातू फुगून फट बुजते. पुस्तक जुनं आहे.

९ मे, संध्याकाळ
मेहुणे टपकले. कान लावून ऐकलं. आवाज आतून येतोय, रॉडचं बेअरिंग बघा, बसवताना माप घेतलं होतं का, म्हणे. घेतलं होतं, बोटांनी. मी ठणकावून सांगितलं, सायलेन्सर. ते 'बरं' म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'ने डोकं फिरतं माझं.

१२ मे
अख्खा सायलेन्सर नवा टाकला. जोडावर पेस्ट, पेस्टवर पट्टा, पट्ट्यावर परत पेस्ट. मुंगी शिरणार नाही. ठकठक जशीच्या तशी. बाबा खुर्ची टाकून दिवसभर बघत होते. 'छान केलंस' म्हणायला काय जातं? बायको सांगते, त्यांनी आत्याकडे जायचा शर्ट आजच इस्त्री करून ठेवलाय. उगाच टेन्शन देतात माणसाला.

१५ मे
ट्रायल घेतली. चढावर ठणठण. बायको म्हणाली, आत कोणीतरी अडकलंय आणि दार बडवतंय. तिला मशिनरीतलं ओ की ठो कळत नाही. उपाय मीच शोधला: रेडिओ मोठा केला. आवाज जवळजवळ गेला. ऑइलचा लाल दिवा मात्र लुकलुकत होता. वायरिंगचा घोळ. बल्ब काढून टाकला.

१७ मे, सकाळी ६
निघतोय. मेहुण्यांचा फोन, मागून येऊ का? म्हटलं, धूळ खायची हौस असेल तर खुशाल या.

१७ मे, दुपार
हायवेच्या कडेला, एकटा. चढ संपता संपता धाडकन आवाज. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, इंजिनची भिंत फोडून बाहेर. मूठ जाईल एवढं भोक, खाली ऑइलचं तळं. लीक होणार हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

मेहुणे मागे होतेच. एक शब्दही टोचून बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. बाबा त्यांच्या गाडीतून पुढे गेले. मलाही चला म्हणाले, पण गाडी टाकून कसा जाऊ? मी ऑइलकडे बघत बसलो. आत्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली असेल-नसेल, पण सायकल तिनेच शिकवली. तिला भेटायचं राहिलं. लाज वाटते.

१७ मे, संध्याकाळ
परत येताना मेहुण्यांनी आमची गाडी दोर बांधून ओढत आणली. बाबा त्यांच्या एसीत बसले नाहीत, माझ्या शेजारी येऊन बसले. भेट झाली म्हणाले. दोघंही रडले म्हणे. आत्याने माझी चौकशी केली तेव्हा, तो गाडी बघतोय, असं बाबांनी सांगितलं.

घरापर्यंत गाडीचा आवाज नाही. फाटकाशी उतरून बाबांनी वाकून गाडीखाली पाहिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, सायलेन्सर मात्र छान बसवलायस.