शेऱ्याचा रकाना

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. पाठीत उसण भरली आहे.)

तुझे गुडघे कसे आहेत? गुडघ्यांना उतार पडला असेल, तर रागालाही पडू दे. पानांचा गठ्ठा पाहून घाबरू नकोस. अक्षर मोठं आहे, मजकूर बेताचाच.

गेल्या वर्षी तू दुकानातून तडकाफडकी उठून गेलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. तीस वर्षं तू हाताने लिहिलेली गिऱ्हाइकांची कार्डं मी कॉम्प्युटरवर चढवली आणि ड्रॉवर माळ्यावर टाकला, हे माझंच चुकलं. पण कोपऱ्यावर चष्म्यांचं ते चकचकीत दुकान आल्यापासून आपल्याकडे दिवसाला दोन माणसं येत होती, त्यातलं एक पत्ता विचारायला. वर्षअखेरपर्यंत हेच चाललं तर बाबांचं दुकान बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. तेव्हा माझे धाकटे दीर मदतीला धावले. ईमेल पाठवून धंदा कसा वाढवावा, याचा त्यांनी सहा आठवड्यांचा कोर्स केला आहे. (मला वाटतं, मधले चार आठवडे ते आजारी असावेत.)

पहिला मेल गेला, मथळा "शेवटची संधी!" चार दिवसांनी दुसरा, "खरोखर शेवटची संधी!" मजकूर इतक्या बारीक अक्षरात की ज्याला तो वाचता येईल त्याला चष्म्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला तो वाचता येत नाही. उलट उत्तर पाठवायची सोयच ठेवली नव्हती. खाली फक्त एक बटण, "यापुढे मेल नको". ते मात्र चांगलं ठळक. शंभरावर लोकांनी ते दाबलं. त्यात तूही होतीस. (मी यादी पाहिली.)

तिसऱ्या वेळी दीर म्हणाले, "वहिनी, माणसाला नावाने हाक मारा, आपलेपणा वाटतो." मला पटलं. पण आधी एक मेल स्वतःलाच पाठवून बघावा, हे त्यांना सुचलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं. यादीत तिसरा रकाना नावाचा आणि चौथा तुझ्या शेऱ्याचा. दीर एकच रकाना पुढे सरकले. झालं! निवृत्त मुख्याध्यापकांना मेल गेला तो असा: "प्रिय बोलतो फार, खुर्ची देऊ नये, आपले डोळे आम्हाला मोलाचे आहेत." बँकेतल्या बाईंना, "प्रिय नाक बसकं, पण सांगू नये." असे पाचशे.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आधीच मुख्याध्यापक दारात. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "राहू द्या, दुकानाचा नियम मोडू नका," आणि सव्वा तास उभ्याने बोलले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. (तुझा शेरा मात्र अगदी अचूक होता.)

दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. मेल छापून आणला होता, चार घड्या घालून. "प्रिय नवरा गेला, त्याचाच चष्मा सारखा करून मागते, काही विचारू नये." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "मूळ कार्ड बघू." मी माळ्यावरून ड्रॉवर उतरवला. तुझ्या तिरक्या अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी यायचे मी. चष्मा कुणाचा, कुणी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, कुणाच्या लक्षातच येत नसेल." आत्या, मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

तेव्हापासून ड्रॉवर जुन्या जागी, काउंटरवर आहे. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला लोक येतात आणि आलेच आहेत तर डोळेही तपासून घेतात. कोपऱ्यावरच्या दुकानात काच पुसायचं फडकं फुकट मिळतं, पण शेरा मिळत नाही. बाकी सगळं तुझ्या वेळचंच आहे. तपासणीच्या खोलीचं ते कुरकुरणारं दार, आणि भिंतीवर ते अवाढव्य अक्षरांचं कॅलेंडर. त्यावरून तू बाबांना किती चिडवायचीस, चष्मेवाल्यालाच तारीख दिसत नाही म्हणून! बाबा नुसते हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसलंच घेऊन यायचे. दुकान म्हटलं की मला काचा आणि फ्रेमा आठवतच नाहीत, तुम्हा बहीणभावांची ती खडाजंगी आठवते. फार आठवते.

राग आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

तुझी भाची

ता. क. हे सगळं मेलने का नाही कळवलं? ज्याने बटण दाबलं त्याला कॉम्प्युटर पुन्हा मेल जाऊ देत नाही. आपल्या घरात शब्दाला पक्का तेवढा तोच.

आणखी एक. पत्राचं खरं कारण असं की शनिवारी काउंटरवर बसायला येशील का? नव्या गिऱ्हाइकांचे शेरे कोरे पडले आहेत. मी लिहून पाहिलं, पण "सज्जन" याच्या पुढे माझी गाडी जात नाही. लोक वाचून हिरमुसतात. दुकान ठेवायचं की नाही, ते तू आल्यावरच ठरवू.

शेवटचं. (खरोखर शेवटचं.) ड्रॉवरच्या तळाशी तुझंही एक कार्ड निघालं. अक्षर बाबांचं. शेरा असा: "नंबर वाढला आहे, कबूल करत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर लावणे. विचारल्यास, मला दिसत नाही असे सांगणे."

तेव्हा या पत्राचं अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील तर सांगते, हल्ली मला दिसत नाही.