साठ गणवेश बाकी असताना

प्रिय चिमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या भाचीच्या हाती धाडतेय. तू वाचून संपवेपर्यंत जागची हलू नकोस, असं तिला बजावलंय. माझ्यावरचा राग सावकाश काढ. आधी ती सांध्यांची गोळी घेणं थांबव. सकाळची घेतली असलीस तर दुपारची घेऊ नकोस.

मागच्या थंडीत तुला कात्रीसुद्धा उघडता येत नव्हती, आठवतं? आईनं आपल्याला दागिने नाही दिले, आमवात तेवढा दिला, असं तूच हसत म्हणायचीस. मग डॉक्टरीणबाईंनी ती गोळी दिली आणि तासाभरात तुझी बोटं मोकळी झाली. काजंसुद्धा हातानं करायला लागलीस. गोळीनं गुण दिला, हे काही खोटं नाही. पण बाईंनी बजावलं होतं, जेवणानंतर एकच, तीही थोडे दिवस, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. ही नुसती ठणका आणि सूज दाबते, सांधे झिजायचे थांबवत नाही, त्याचं औषध वेगळं, तेही सुरू करू म्हणाल्या होत्या. ऐकतंय कोण? आपल्या शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलं आणि तू एकीच्या दोन केल्यास. मी बघत होते. बरंच वाटत होतं मला, तुझं मशीन थांबत नव्हतं ना.

मग चपला घट्ट होतात म्हणालीस. मी म्हटलं, दिवसभर बसून पाय सुजणारच. लघवी कमी होते म्हणालीस, तर पाणी पी म्हटलं. परवा उलटी झाली म्हणून लवकर निघालीस, तेव्हा गिऱ्हाइकांदेखत मी म्हणाले, "काम नको म्हणून नाटकं!" त्यावरून तू रुसलीस, आणि बरोबरच आहे. पण मी त्या शब्दाची माफी मागायला लिहीत नाहीये.

दवाखान्यात तू दुकानाचाच नंबर दिला होतास. गेल्या गुरुवारी तू आत इस्त्री करत होतीस, तेव्हा बाईंचा फोन आला. आदल्या दिवशी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, तुझ्या मूत्रपिंडांवर ताण आलाय, गोळी आजच बंद करा, तिला लगेच घेऊन या, असं म्हणाल्या. मी "सांगते" म्हटलं. तेव्हा साठ गणवेश बाकी होते. गोळी बंद म्हणजे तुझे हात बंद. शनिवारी सांगू म्हटलं, शनिवारी अजून वीस उरले होते. चिमे, मला ठाऊक होतं. ठाऊक असताना मी दुपारच्या चहाबरोबर ती गोळी माझ्या हातानं तुला दिली, एकदा नाही, चार दिवस. भाचीनं गाडी आणलीय, आहेस तशी बस. मी दवाखान्यात बाईंना सगळं सांगून बसलेय. माझं तोंड बघायचं नसेल तर मी बाहेर थांबेन, पण तू ये.

तुझीच,
ताई