दोन्ही बाह्या डाव्या

अहो,

मी खाली दुकानात आतून कडी लावून बसतेय. फोन मुद्दाम वर ठेवलाय, माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. काल तो सारखा वाजत होता आणि मी दर वेळी कात्री खाली ठेवून बघत होते. शेवटी कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार, आणि उरलेल्या कापडातून जेमतेम एक बाही निघेल.

त्या वाजण्यातले निम्मे तुमचेच विनोद होते. वरच्या खोलीतून खाली बायकोला विनोद पाठवणं आता पुरे करा.

भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या. संध्याकाळपर्यंत मला हाक मारू नका. तुमच्या ताईंचा फोन आला तरी नाही.

फक्त लेकाचा आला तर भरल्या ताटावरून उठा आणि फोन घेऊन पळत खाली या. उचललात तर ‘आईला देतो’ एवढंच म्हणा. त्याच्यासाठी वेगळी रिंग आहे. तो तुमच्याशी भांडून गेला त्याच दिवशी लावली. अजून एकदाही वाजलेली नाही, म्हणून सांगून ठेवते, बासरी वाजेल.